दगड झालेल्या ओंडक्याची चकती: कापण्यापासून चकाकीपर्यंत

दगड झालेलं लाकूड कापायला घेतलं की आधी त्यातला ‘लाकूड’ हा शब्द डोक्यातून काढावा लागतो. वर्षकड्या दिसतात, साल दिसते, कधी किड्यांनी पोखरलेली भोकंही दिसतात. पण पात्याखाली जाते ती गारगोटी. झाड गाळात किंवा ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं, पाण्यात विरघळलेली सिलिका पेशीपेशीत शिरून बसली आणि खोडाच्या आकाराचं क्वार्ट्झ उरलं. खनिजांचं काठिण्य १ ते १० मध्ये मोजणाऱ्या मोह्सच्या मापाने त्याचं काठिण्य ७ च्या आसपास, तर साध्या पोलादी चाकूचं साडेपाच. ॲरिझोनातले असे ओंडके भरडून त्यांची घासणीची पूड करण्यासाठी १८९०च्या दशकात अदमाना इथे गिरणीसुद्धा उभारली गेली होती. ज्याला आपण घासायला निघालो आहोत, तो स्वतःच घासणीचा माल आहे, एवढं लक्षात ठेवलं की पुढची वेळेची गणितं पटतात.

इथे धरलेलं काम असं: साधारण १५ सेंटिमीटर व्यासाचा ओंडका, त्यातून १ सेंटिमीटर जाडीची आडवी चकती, आणि तिची एक बाजू आरशासारखी. अशी चकती अर्ध्या किलोच्या जरा आत भरते. पेपरवेट किंवा पुस्तकांना टेकू करायचा असला तरी पायऱ्या याच, फक्त मापं बदलतात.

माल कुठून घ्यायचा

ॲरिझोनाचं पेट्रिफाइड फॉरेस्ट १९०६ पासून संरक्षित स्मारक आणि १९६२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तिथला खडासुद्धा उचलणं गुन्हा आहे. बाजारात येणारं ‘ॲरिझोना’ लाकूड उद्यानाबाहेरच्या खासगी जमिनींतलं असतं, निदान असायला हवं. विक्रेत्याला मूळ विचारायची लाज वाटू देऊ नका. अमेरिकेत राहणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या खुल्या जमिनीवरून हौसेसाठी दिवसाला २५ पौंड आणि वर एक तुकडा, वर्षाला जास्तीत जास्त २५० पौंड उचलता येतं. ते विकता येत नाही.

आपल्याकडे मध्य प्रदेशात घुघुआ, तमिळनाडूत तिरुवक्करै, जैसलमेरजवळ आकल आणि गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यातलं वडधम, ही सगळी जपायची ठिकाणं आहेत. तिथून काही आणायचं नाही. शिवाय संशोधकाच्या दृष्टीने ओंडका कुठे, कोणत्या थरात आणि कसा पडला होता, यातच अर्धी माहिती असते. दिवाणखान्यात आणला की ती गेली. कापायला इंडोनेशिया, मादागास्कर किंवा ॲरिझोनाचा विकत मिळणारा कच्चा माल घ्यावा.

तुकडा पारखताना चार गोष्टी बघा. दुसऱ्या लहान दगडाने हलकेच वाजवा. खणखणीत आवाज आला तर आतून घट्ट. भद्द आला तर आत भेग किंवा पोकळी आहे. चाकूचं टोक ओढून बघा. चरा पडला तर तो भाग पुरता सिलिका झालेला नाही किंवा ओपलसारखा मऊ आहे. सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब फसफसला तर आत कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं मऊ खनिज आहे, आणि पॉलिशच्या वेळी तो भाग खड्ड्यात जाणार. चौथी चाचणी पाण्याची. तुकडा भिजवा, फडक्याने पुसा आणि दोन-तीन मिनिटं नुसतं बघत बसा. पृष्ठभाग वाळतो, पण भेगेत पाणी टिकून राहतं. काळ्या रेघांचा नकाशा आपोआप उमटतो. सगळीकडेच पाणी शोषलं जात असेल तर माल सच्छिद्र आहे.

रंगाचं म्हणाल तर तांबडा, पिवळा, तपकिरी हे लोहाचे, काळा-जांभळा बहुतेक मॅंगनीजचा. कच्च्या तुकड्याचा रंग फिका दिसला तरी ओला केल्यावर जो दिसतो, साधारण तोच पॉलिशनंतर मिळतो. त्याहून जास्त नाही.

धूळ आणि वीज

गुजरातेतल्या खंभातमध्ये अकीक घासणाऱ्या कारागिरांना होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग सर्वज्ञात आहे. माल तोच, सिलिका. रोगाचं कारणही तेच, कोरडी घासणी. फुप्फुसात गेलेली ही धूळ बाहेर निघत नाही आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. म्हणून प्रत्येक काप आणि प्रत्येक घासणी पाण्याखाली. तरीही तुषारांतून बारीक कण उडतात, तेव्हा निदान एन-९५ मास्क, डोळ्यांवर बंद गॉगल, कानांत बोळे. काम संपल्यावर झाडू मारायचा नाही; ओल्या फडक्याने पुसायचं. कपडे वेगळे धुवायचे.

साधा अँगल ग्राइंडर पाण्यासाठी बनवलेला नसतो. त्यावर बाटलीने पाणी ओतत काम करणारे ठायी ठायी दिसतात. त्यांचं बघून करू नका. मधून पाणी सोडणारा वेट पॉलिशर ग्रॅनाइटवाल्यांच्या दुकानात मिळतो, तोच घ्या, आणि त्या प्लगला ३० मिलिॲम्पिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळताच ती तोडणारा स्विच, बसवून घ्या.

कापणी

पातं हिऱ्याचं, सलग कडेचं. खाचा असलेलं ग्रॅनाइटचं पातं कापतं, पण सालीकडच्या कडेचे टवके उडवतं. पातं आपल्या व्यासाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकंच खोल जातं, कारण मधली जागा पातं धरून ठेवणारी फ्लँज खाते. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या ओंडक्याला १८ इंची पातं हवं. घरच्या १० इंची यंत्रावर ७–८ सेंटिमीटरच्या फांद्याच कापाव्यात. मोठ्या ओंडक्यासाठी ग्रॅनाइटच्या कारखान्यात मोठ्या पात्याच्या यंत्रावर काप मारून घेणं स्वस्त पडतं. कारागिराला दोनच गोष्टी निक्षून सांगा: पाणी भरपूर, आणि पुढे सरकवण्याचा वेग ग्रॅनाइटच्या निम्म्याहून कमी. मिनिटाला ३–४ मिलिमीटर हा सुखाचा वेग आहे. १५ सेंटिमीटरच्या कापाला पाऊण तास जातो. कारागीर वैतागेल, त्याला तासाच्या हिशोबाने पैसे द्या.

स्वतः कापणाऱ्यांसाठी वेगाचा अंदाज: १० इंची पात्याला मिनिटाला दीड ते दोन हजार फेरे, १४ इंचीला हजार ते दीड हजार. पातं कापायचं थांबून नुसतं किंचाळू लागलं तर दगडाचा दोष नाही. कडेवरचे हिऱ्याचे कण धातूत बुडाले आहेत. जुन्या सिलिकॉन कार्बाइडच्या सहाणेत किंवा फायर ब्रिकमध्ये चार-पाच उथळ काप घ्या. धातू झिजतो, हिरे पुन्हा डोकं वर काढतात.

कापाची दिशा ठरवायला वेळ द्या. आडवा काप घेतला तर वर्षकड्या आणि सालीचा पूर्ण घेर मिळतो. उभा घेतला तर धार्‍या दिसतात, पण तुकडा बऱ्याचदा त्याच धारीवर फुटतो. तिरक्या कापाने लांबट चकती मिळते आणि लहान ओंडकाही मोठा दिसतो. खूण करायला मार्कर वापरू नका, शाई सच्छिद्र भागात उतरते. ॲल्युमिनियमच्या टोकदार सळईने रेघ ओढा. ती पाण्याने जात नाही आणि घासताना निघून जाते.

गोल ओंडका शिकंज्यात नीट बसत नाही, आणि कापताना तो केसभर जरी फिरला तरी पातं वाकतं. त्याचा खालचा निम्मा भाग लाकडी खोक्यात प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये रोवा, रात्रभर सुकू द्या आणि खोकं शिकंज्यात धरा. प्लास्टरचा दुसरा फायदा कापाच्या शेवटी कळतो. नुसता ओंडका कापला तर शेवटचे दोन-तीन मिलिमीटर कापले जाण्याआधीच चकती वजनाने मोडते आणि कडेला एक टोक किंवा खोल टवका राहतो. तळाला प्लास्टर असेल तर पातं दगडातून पूर्ण बाहेर पडेपर्यंत चकतीला आधार मिळतो.

थंडाव्यासाठी तेल की पाणी? तेलात काप सफाईदार येतो, पण सच्छिद्र लाकूड तेल पिऊन बसतं आणि मग त्याला भेगा भरायचं इपॉक्सी धरत नाही. पाणीच बरं.

जाडी १५ सेंटिमीटरला १ सेंटिमीटर, ३० सेंटिमीटरला २ सेंटिमीटर धरा. यापेक्षा पातळ चकती कापताना निघते, घासताना मोडते.

भेगा भरणे

ज्या पायरीत लोक सर्वांत जास्त चुकतात ती ही, आणि चूक कळते ती थेट शेवटच्या पॉलिशच्या वेळी. उघडी भेग म्हणजे घासणीचे दाणे लपायची जागा. दाण्याचा नंबर जितका लहान तितका तो भरड. ५० नंबरचा एक कण भेगेत बसतो, ८०० नंबरच्या वेळी बाहेर येतो आणि पृष्ठभागभर चरा ओढतो.

चकती साबणाच्या पाण्यात ब्रशने घासून धुवा, दोन दिवस हवेत वाळू द्या, मग भट्टीत ६० अंशांवर पाच-सहा तास ठेवा. थंड भट्टीत ठेवून हळूहळू तापवायची आणि आतच निवू द्यायची; तापल्या चकतीला गार पाणी लागलं तर नव्या भेगा पडतात. ती ४५–५० अंशांवर असतानाच पातळ, पारदर्शक इपॉक्सी लावा. दगड निवताना भेगेतली हवा आकसते आणि इपॉक्सी आत ओढलं जातं. गार दगडावर तेच इपॉक्सी नुसतं वर बसून राहतं. खालच्या बाजूने भेगांवर चिकटपट्टी मारायला विसरू नका, नाहीतर सगळं टेबलावर. आपल्या मापाच्या चकतीला १५–२० ग्रॅम मिश्रण पुरतं. रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, आणि वजनाने. ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारा काटा हवाच. ‘जरा जास्त हार्डनर घातला की लवकर वाळेल’ हा समज खोटा आहे, त्याने थर चिकट आणि ठिसूळ राहतो.

रुंद भेगेत इपॉक्सीसोबत काळं किंवा गडद तपकिरी रंगद्रव्य मिसळा. गडद रेघ लाकडाची वाटते, पांढरी रेघ दुरुस्तीची. भरताना पातळीच्या वर एक मिलिमीटर फुगवटा ठेवा, वाळताना ते बसतं. केसासारख्या भेगांना अगदी पातळ सायनोॲक्रिलेट (झटपट चिकटणारा गोंद) चालतं. यानंतर पूर्ण दोन दिवस, पावसाळ्यात चार दिवस, हात लावायचा नाही. नखाने दाबल्यावर खळगा पडला तर अजून कच्चं आहे. असं इपॉक्सी पॅडला चिकटून पॅडच आंधळा करतं.

घासणी

चकती पॉलिशच्या वेळी चकाकते असं वाटतं, पण तिची चकाकी ठरते ती पहिल्या पॅडवर. रेझिनचे हिऱ्याचे पॅड ५०, १००, २००, ४००, ८००, १५००, ३००० या क्रमाने लागतात. एकूण वेळेतला निम्मा वेळ एकट्या ५० नंबरला द्यायचा आहे.

चकती जाड प्लायवूडवर गरम गोंदाच्या आठ-दहा ठिपक्यांनी बसवा, प्लायवूड टेबलाला क्लॅम्प करा. पृष्ठभागावर अॅल्युमिनियमच्या सळईने आडव्या-उभ्या रेघांची जाळी काढा. ५० चा पॅड, मिनिटाला दोन ते अडीच हजार फेरे, पाणी सुरू, आणि दाब फक्त यंत्राच्या वजनाचा. पॅड पूर्ण सपाट टेकलेला हवा. कडेवर उभा केला की पोळीला बोट लागल्यासारखे खळगे पडतात आणि ते पुढे कुठल्याच नंबरने जात नाहीत. जाळी पूर्ण पुसली गेली की पुन्हा काढा, पुन्हा पुसा. मग पोलादी पट्टी आडवी ठेवून मागून टॉर्च धरा. पट्टीखालून उजेड येतो तिथे खळगा आहे. पात्याचे चरे घालवून सपाटी आणायला अर्धा ते एक तास लागतो. इथे कंटाळून १०० वर गेलात तर तीच अर्ध्या तासाची चूक ८०० वर चार तासांची होते.

१०० नंबरवर जाण्याआधी कडेला, जिथे साल नाही तिथे, एक मिलिमीटरची तिरकी धार काढून घ्या. धारदार कडेचा कण सुटला की तो पॅडखाली फिरतो.

पुढच्या प्रत्येक नंबरला दहा-बारा मिनिटं. आधीची घासणी डावी-उजवी केली असेल तर पुढची खाली-वर करा. आडवे चरे संपून फक्त उभे उरले की नंबर झाला. तपासणी मात्र कोरड्यावर. ओला दगड प्रत्येक वेळी सुंदर दिसतो, पाणी चरे भरून काढतं. पुसा, पंख्याखाली वाळवा, दिवा जवळजवळ आडवा धरा आणि दहापट भिंगातून बघा. ४०० नंतर वाळलेली चकती रेशमी, एकसारखी मंद दिसायला हवी. एखादा जरी पांढरट चरा सुटा दिसला तरी दोन नंबर मागे जायचं, एक नाही.

दोन नंबरांच्या मध्ये चकती, हात, टेबल, यंत्राचा दांडा, सगळं धुवायचं. प्रत्येक नंबराला वेगळी बादली नसेल तर निदान पाणी बदला. गाळ मोरीत ओतू नका. तो पाइपात सिमेंटसारखा बसतो. बादलीत खाली बसू द्या, वरचं पाणी काढा, गाळ वाळवून पिशवीत बांधून टाका.

पॉलिशर नाही आणि तुकडा ७–८ सेंटिमीटरच्या आत असेल तर जाड काचेवर हाताने करता येतं. चमचाभर सिलिकॉन कार्बाइडची ८० नंबरची पूड, दोन-तीन चमचे पाणी, आणि इंग्रजी आठच्या आकारात फिरवत राहायचं. सुरुवातीला खरखर येते. ती मऊ सरसरीत बदलली की पूड मेली, नवी घाला. पुढे २२०, ४००, ८००. संयम असेल तर छान निघतं, नसेल तर पॉलिशर घ्या.

पॉलिश

३००० च्या पॅडनंतर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब धूसर दिसू लागतं. आता यंत्राला फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची चकती आणि सेरियम ऑक्साइड ही पॉलिशची पूड. पूड पाण्यात ताकाइतकी पातळ कालवा, फेल्ट भिजवा, फेरे हजारच्या आत आणा. पहिली पाच मिनिटं फारसं काही होत नाही. फेल्ट जरा कोरडं पडून दगडाला ओढू लागलं की खरी चकाकी त्या ओढीत येते. तिथेच उष्णताही वाढते. दर अर्ध्या मिनिटाला तळहात ठेवून बघा; चटका बसतोय असं वाटलं तर थांबा आणि आपोआप निवू द्या. वरून गार पाणी नको.

फडक्याने पुसून चकती ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. प्रतिबिंबाची कड रेघेसारखी सरळ असेल तर काम झालं. कड नागमोडी दिसली तर सपाटी बिघडली आहे, तो ५० नंबरचा दोष. कड सरळ पण दुधाळ असेल तर ४०० ते ८०० च्या मध्ये घाई झाली. मधोमध लख्ख आणि कडेला मंद असेल तर तुम्ही कडेपर्यंत पोचलाच नाहीत. नवख्यांचं बहुतेक हेच होतं, कारण कडेला पॅड घसरेल अशी भीती असते.

संत्र्याच्या सालीसारखी खडबड दिसली तर आतल्या मऊ जागा जास्त झिजल्या आहेत. कॅल्साइट, ओपल किंवा कुजून मग दगड झालेला भाग असला की हे होतं. फेल्टवर जास्त वेळ घालवल्याने ते वाढतंच. अशा मालाला ८०० पर्यंत नवे, धारदार पॅड आणि हलका हात, शेवटी फेल्टऐवजी कडक चामड्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइड, आणि तेही थोडाच वेळ.

गडद लाकडाच्या बारीक छिद्रांत सेरियमची गुलाबीसर पूड अडकते. ओली असतानाच जुन्या दातब्रशने साबण लावून काढा. वाळली की सुई घेऊन बसावं लागतं.

साल आणि बैठक

सालीकडची कड घासू नका. बोटांना तिची खरबड आणि डोळ्यांना मधला आरसा, या विरोधातच चकतीची मजा आहे. तिथला मातीचा थर नायलॉनच्या ब्रशने काढा. गंजाचे डाग फारच खुपत असतील तर लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड घालून एक रात्र बुडवा, हातमोजे घालून, मुलांपासून दूर. नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात आणि मग साध्या पाण्यात दोन दिवस. सच्छिद्र माल यात घालू नका, त्याचा तांबडा रंगही उतरतो.

वार्निश, लॅकर, ‘स्टोन शायनर’ यांची गरज पडत असेल तर घासणी अपुरी आहे. लॅकरचा थर काही वर्षांत पिवळा पडतो आणि पापुद्रे सुटतात. विकत घेतलेल्या चकतीवर तो आहे का हे मागच्या कोपऱ्यात ॲसिटोनचा बोळा फिरवला की कळतं.

बैठक सागवानाची, एक सेंटिमीटर खोल खाचेची, आणि खाच चकतीच्या जाडीपेक्षा एक मिलिमीटर रुंद. त्या फटीत फेल्टची पट्टी घाला. लाकूड पावसाळ्यात फुगतं, दगड फुगत नाही, आणि घट्ट बसवलेली चकती ऑगस्टमध्ये बैठकीला तडा देते. खिडकीसमोर ठेवायची असेल तर इपॉक्सीने भरलेल्या भेगा उन्हापासून आडोशाला असतील असा कोन निवडा. दगडाच्या रंगाला उन्हाने काही होत नाही, इपॉक्सी मात्र पिवळं पडतं.